चोवीस खाचा

मंगळवार, ९ फेब्रुवारी १७७९. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी ओल्शिनी गावच्या चर्चमध्ये रादोमिस्की घराण्याची ढाल शवपेटीच्या कोपऱ्यावर आपटून फोडण्यात आली. वेळ नक्की आहे, कारण पाद्री बोनिफात्सी यांनी त्याच क्षणी खिशातलं घड्याळ काढून पाहिलं. जेवणाची वेळ साडेबाराची ठरली होती आणि पाहुणे चार-चार कोसांवरून घसरगाड्यांतून आले होते.

ढाल फोडली सेवेरिन बुकोव्स्कीने, मयताच्या मेहुण्याने. फोडताना म्हणायचे शब्दही त्यानेच म्हटले, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जातील असे.

"आजपर्यंत रादोमिस्की होते. यापुढे नाहीत."

असं म्हणतात आणि ढाल फोडतात ती घराण्यातला शेवटचा पुरुष गेल्यावर. पेटीत हिएरोनिम रादोमिस्की होते, वय एकसष्ट. त्यांचा मुलगा ओनुफ्री, वय एकोणतीस, डाव्या बाजूच्या दुसऱ्या खांबाशी टोपी हातात घेऊन उभा होता. जिवंत.

हिएरोनिमची विधवा अपोलोनिया पहिल्या बाकावर बसली होती. अंत्यविधीची सगळी व्यवस्था सेवेरिनने अंगावर घेतली होती. मेणबत्त्या त्याने आणल्या, काळं कापड त्याने लावून घेतलं, मयताचं चिलखत घालून घोड्यावरून थेट पेटीपर्यंत येणारा आणि तिथे धाडकन खाली पडणारा स्वारही त्यानेच ठरवला. ढाल पेटीशी नेतील, नमवतील आणि मग तळघराच्या दारावर टांगतील, असं त्याने तिला सांगितलं होतं. फोडतील असं सांगितलं नव्हतं. लाकूड फुटल्याचा आवाज झाला आणि ती उठून उभी राहिली.

"सेवेरिनराव, काय केलंत हे?"

"वहिनी, बसा. विधी चालू आहे."

"कुणाचा विधी? घराणं संपल्याचा? माझा मुलगा तिथे उभा आहे."

"कुठे?" सेवेरिनने खांबाकडे मान वळवलीही नाही. "मला तिथे एक कापडवाला दिसतो."

मागच्या बाकांवर कुणीतरी फिस्सकन हसलं. शवपेटीच्या टोकाला पत्र्यावर रंगवलेलं हिएरोनिमचं चित्र बसवलेलं होतं. डोक्याचा घोटून केलेला गोटा, वर शेंडी, पांढऱ्या मिशा आणि सरळ समोर पाहणारे डोळे. पोलंडच्या सरदारांना मेल्यावरही आपल्या अंत्ययात्रेला कोण आलं ते पाहायचं असतं. हिएरोनिम पाहत होते आणि काही बोलत नव्हते. जिवंतपणीही या बाबतीत ते याहून फार काही बोलले नव्हते.

तेवढ्यात ती गोष्ट घडली, जिच्यावरून पुढचं सगळं झालं.

रादोमिस्कींच्या ढालीवर निळ्या पृष्ठावर सोनेरी काठी असते. ती रंगवलेली नव्हती. खरी काठी होती, हातभर लांबीची, वर खळ आणि सोन्याचा वर्ख चढवून ढालीवर ठोकलेली. तीनशे वर्षांपूर्वी मूळ पुरुष मार्चिन याची तलवार लढाईत तुटली, तेव्हा त्याने गाडीतली एक काठी उपसली आणि तातारांची टोळी पिटाळून लावली. राजाने ते डोळ्यांनी पाहिलं आणि तीच काठी त्याच्या ढालीवर ठोकून दिली. जिल्ह्याच्या सभेला, लग्नाला, अंत्यविधीला ही कथा सांगितली जायची. अपोलोनियाने लग्न होऊन आल्यापासून ती किमान शंभर वेळा ऐकली होती. दर वेळी राजा थोडा अधिक जवळून पाहत असे.

ढाल दुभंगली तेव्हा खिळे सुटले. काठी दगडी फरशीवर पडली, घरंगळली आणि दुसऱ्या खांबापाशी थांबली. वाटेत खळ आणि वर्खाचे तुकडे सांडत गेले. ओनुफ्रीने वाकून ती उचलली.

त्याने ती तलवारीसारखी धरली नाही, सोट्यासारखीही धरली नाही. एक टोक डाव्या तळहातात बसवलं आणि उजव्या हाताचा अंगठा लाकडावरून सरकवत नेला. अंगठा अडला, पुढे गेला, पुन्हा अडला. ते पाहताना अपोलोनियाच्या लक्षात आलं की तो मोजतो आहे. मोजून झाल्यावर त्याने टोकावरच्या लोखंडी टोपणाचा वर्ख नखाने खरवडला आणि उजेडाकडे धरून पाहिलं.

"आई," तो म्हणाला. आवाज चढवला नव्हता, पण चर्चमध्ये तेव्हा कुणी खोकतही नव्हतं. "हा गज आहे. कापड मोजायचा. चोवीस तसू, चोवीस खाचा. टोकाला शहराचा शिक्का आहे."

पाद्री बोनिफात्सींनी हात केला आणि ऑर्गन सुरू झाला.

*

ओनुफ्रीला घरातून काढलं ते याच वस्तूपायी. सहा वर्षांपूर्वी तो तिकोचिनला एका दाव्याच्या कामासाठी गेला आणि तिथल्या कापडवाल्याच्या मुलीच्या, रोझालियाच्या प्रेमात पडला. लग्न चर्चमध्ये झालं. हिएरोनिमने तेवढं कसंबसं गिळलं असतं. पण वर्षभरात सासऱ्याची नजर गेली, दुकानात दुसरं कुणी नव्हतं, आणि ओनुफ्री गल्ल्यामागे उभा राहून गिऱ्हाइकांना कापड मोजून देऊ लागला. ही बातमी ओल्शिनीला पोचली तेव्हा हिएरोनिमने जेवणाच्या टेबलावर मूठ आपटली.

"रादोमिस्कींनी हातात काठी धरली ती शत्रूला मारायला! गज धरायला नाही!"

जुना कायदा खरंच तसा होता. शहरात राहून गज आणि माप हातात धरणारा सरदार आपलं सरदारपण गमावतो. तो कायदा चार वर्षांपूर्वी वॉर्साच्या सभेने रद्द केला होता. पण ओल्शिनीच्या परिसरात वॉर्साचे कायदे फक्त सोयीचे असले तरच पोचत.

त्यानंतर ओनुफ्री घरी आला नाही. अपोलोनिया वर्षातून दोनदा यात्रेच्या निमित्ताने तिकोचिनला जाई आणि मुलाला भेटून येई. हिएरोनिमला ते माहीत होतं. ते विचारत नसत, ती सांगत नसे.

गेल्या महिन्यात, मरणाच्या तीन दिवस आधी, हिएरोनिम म्हणाले, "पोराला बोलाव." अपोलोनियाने चिठ्ठी लिहिली आणि सेवेरिनच्या स्वाराकडे दिली, कारण त्याचा घोडा ताजा होता. ती चिठ्ठी तिकोचिनला पोचली नाही. बाप गेल्याचं ओनुफ्रीला कळलं ते मातेउश नावाच्या म्हाताऱ्या चित्रकाराकडून. शवपेटीवरचं चित्र त्याच्याकडेच दिलं होतं आणि त्याची खोली ओनुफ्रीच्या दुकानाच्या वर होती. चित्र पोचवायला मातेउश निघाला तेव्हा ओनुफ्री त्याच्याच गाडीत बसून आला.

*

जेवण वाड्याच्या मोठ्या दालनात होतं. आंबवलेल्या कोबीत शिजवलेलं रानडुक्कर, करड्या रश्शातला मासा, गरम मधाची दारू. अपोलोनिया आत आली तेव्हा तिच्या फरच्या हातमोज्याच्या नळीत, जिच्यात बायका थंडीत दोन्ही हात खुपसतात, तो गज होता. चर्चच्या दारातच तिने तो मुलाकडून मागून घेतला होता.

ओनुफ्रीला टेबलाच्या खालच्या टोकाला, चित्रकाराच्या शेजारी जागा दिली होती. ती जागा कुणी ठरवली हे विचारायची गरज नव्हती. तिने स्वतःचं ताट उचललं आणि तिकडे जाऊन बसली. विधवेने वरची खुर्ची रिकामी सोडलेली सगळ्यांना दिसली. नणंद प्राक्सेदा, म्हणजे सेवेरिनची बायको, धावत आली.

"वहिनी, लोक बघताहेत! हे काय खालच्या टोकाला?"

"बघू देत. दादा गेले तर तुम्ही आलात लगेच. भाच्याला किती वर्षांत विचारलंत?"

"मी काय करू? त्यानंच घराणं सोडलं."

"त्यानं सोडलं असतं, तर आज ढाल फोडायची गरज कशाला पडली असती?"

प्राक्सेदाने नवऱ्याकडे पाहिलं. सेवेरिन पेला घेऊन उठला. तो जिल्ह्याचा तलवारधर होता. राजाची तलवार धरण्याची ही पदवी त्याला अकरा वर्षांपूर्वी मिळाली होती. राजा या जिल्ह्यात कधी आला नव्हता आणि सेवेरिनने त्याची तलवार कधी पाहिलीही नव्हती. तरी लोक त्याला "तलवारधर साहेब" म्हणत आणि न म्हटल्यास तो ऐकत नसे.

"बंधूंनो," तो म्हणाला, "आपण सर्मात. काळ्या समुद्राकाठच्या गवताळ रानातून आपले पूर्वज घोड्यावर आले आणि इथे मालक झाले. शेतकरी इथला, बायबलातल्या शापित हामच्या वंशातला, त्याचं काम वाकायचं. शहरवाल्याचं काम मोजायचं. आपलं काम दोन्ही नाही. रक्त म्हणजे कापड नव्हे, की आज इकडून फाडलं, उद्या तिकडे शिवलं!"

टाळ्या पडल्या. अपोलोनिया बसूनच बोलली.

"सेवेरिनराव, मागच्या वसंतात तुम्ही गदान्स्कला किती दिवस होता?"

"का?"

"तीन आठवडे. बंदरावर, राय धान्याने भरलेल्या पडावांशेजारी. प्राक्सेदाच सांगत होती, पोत्यापोत्याला घासाघीस करून तुमचा घसा बसला होता."

"तो व्यापार नव्हे! तो आपल्या जमिनीचा माल."

"आणि तुमच्या दारूच्या गुत्त्यात शेतकऱ्यानं आठवड्याला ठरलेली दारू घ्यायचीच, नाही प्यायची तरी उंबऱ्याबाहेर ओतायची, पण घ्यायची. ते माप कोण भरतं? देवदूत?"

"वहिनी, ते माप नोकर भरतो."

"हां. म्हणजे हात नोकराचा, रक्त तुमचं. माझ्या मुलाकडे नोकर नव्हता एवढाच त्याचा गुन्हा."

ओनुफ्रीने तिच्या बाहीला हात लावला. "आई, राहू दे."

"काय राहू दे? तुला जिवंतपणी पुरलं आज!"

मध्येच बोलले ते शेजारच्या गावचे गौदेन्ती. वय ब्याऐंशी, ऐकू अर्धवट, मधाचा चौथा पेला. दुपारचे अडीच वाजले असतील.

"खाचा आहेत म्हणता ना काठीवर?" ते म्हणाले. "चोवीस? मग सोपं आहे! चोवीस तातार मारले असतील. एकेक मारला की एकेक खाच. मी लहान असताना असंच काहीतरी ऐकलं होतं. का नव्हतं ऐकलं? बहुतेक ऐकलंच होतं."

सगळे हसले. सेवेरिन हसला नाही. तो गौदेन्तींकडे पाहत राहिला, आणि त्या पाहण्याचा अर्थ अपोलोनियाला चार दिवसांनी कळला.

*

पाहुणे पांगल्यावर, उजेड होता तोवर, मातेउश आपल्या गाडीला घोडा जोडत होता; ओनुफ्री त्याच गाडीतून परत जाणार होता. अपोलोनिया अंगणात गेली. तिने गज बाहेर काढला.

"मातेउश, हा तुम्ही पाहिलात?"

म्हाताऱ्याने लगाम सोडला. त्याने गज हातात घेतला नाही.

"बाईसाहेब, मला विचारू नका."

"विचारतेय."

"वर्ख नवा करायला ही ढाल माझ्याकडे एकदा आली होती. तेवीस वर्षं झाली. जुनी खळ काढली तेव्हा खाचा दिसल्या. मी सरकारांना विचारलं, ठेवू का? ते म्हणाले, कीड लागल्येय लाकडाला, बुजवून टाक." त्याने नाक पुसलं. "कीड इतकी सारख्या अंतरावर लागत नाही, बाईसाहेब."

"त्यांनी शिक्का पाहिला होता?"

"मीच दाखवला होता. शिक्क्याकडे खूप वेळ बघितलं त्यांनी. मग म्हणाले, यावर जरा जाड वर्ख दे."

अपोलोनियाने गज पुन्हा नळीत खुपसला. तिला वाटलं होतं की राग सेवेरिनचा आहे, प्राक्सेदाचा आहे, त्या हसणाऱ्या बाकांचा आहे. तो सगळा होताच. पण आता तळपायाची आग मस्तकात गेली ती ज्याच्यासाठी सकाळपासून काळे कपडे घातले होते त्याच्यावरून. ह्यांना माहीत होतं. तेवीस वर्षं माहीत होतं. आपला मूळ पुरुष बाजारात कापड मोजत होता, राजाचा माणूस असेल नाहीतर शहराचा असेल, पण मोजत होता, आणि ते माहीत असताना ह्यांनी त्याच वस्तूपायी पोटच्या पोराला उंबऱ्याबाहेर काढलं. टेबलावर मूठ आपटून! ती मूठ तिला आजही आठवत होती. पेले उडाले होते.

ती चर्चमध्ये गेली. पेटी तळघरात गेली होती. पत्र्याचं चित्र भिंतीवर टांगलं होतं. समोरच्या बाकावर बसून ती बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. मरताना "पोराला बोलाव" म्हणाले ते सांगायला का? का नुसतंच बघायला? चित्राला विचारून उपयोग नव्हता. मातेउशने डोळे मात्र चांगले काढले होते.

निघताना तिने पाद्री बोनिफात्सींना मृत्यूची नोंदवही दाखवायला लावली. लॅटिनमधल्या नोंदीच्या शेवटी दोन शब्द होते. तिला लॅटिन फार येत नसे, पण एवढं कळलं: कुळातला अखेरचा.

"हे खोडा."

"बाईसाहेब, नोंदवहीत खोडता येत नाही."

"खोटं लिहिता येतं?"

"मला जे सांगितलं गेलं, ते मी लिहिलं."

"तुम्हीच ओनुफ्रीचा बाप्तिस्मा केलात, फादर. याच वहीच्या आधीच्या वहीत असेल. तुमच्याच हातचं."

पाद्री बोनिफात्सींनी वही मिटली आणि विचार करू असं म्हणाले.

*

शनिवारी, १३ तारखेला, सेवेरिन एकटाच घोड्यावरून आला. बूट झटकले, बसला, आणि पहिल्यांदाच थेट मुद्द्यावर आला.

"वहिनी, झालं ते जरा घाईत झालं. ढाल हातातून निसटली असं मी जिल्हा न्यायालयात लिहून द्यायला तयार आहे."

"निसटली? तुम्ही ती डोक्यावर उचलली होती."

"जड होती, निसटली. तुमचा मुलगा रादोमिस्की आहे, वारस आहे, वाडा आणि वरचं गाव त्याचं. गिरणी आणि जंगल प्राक्सेदाच्या नावानं. दुकान बंद करायचं, म्हाताऱ्या सासऱ्याला हवं तर इकडे आणा, खोल्या पुष्कळ आहेत. आणि ती काठी परत द्यायची."

"गज."

"काठी." त्याने अंगरख्याच्या आतून कागद काढला. सुवाच्य अक्षर होतं, कारकुनाचं. "ही जबानी. ओनुफ्रीनं सही करायची. 'मी पाहिली ती वस्तू माझ्या पूर्वजाचं शस्त्र असून, त्यावरील चोवीस खाचा या त्याने मारलेल्या चोवीस तातारांच्या आहेत.'"

अपोलोनियाने कागद वाचला. मग पुन्हा वाचला, कारण पहिल्यांदा तिला वाटलं की आपण चुकून वाचतो आहोत.

"गौदेन्तीकाका मधाच्या नशेत बोलले ते?"

"ते जिल्ह्यातले सगळ्यात वृद्ध आहेत. त्यांची साक्ष लिहून घेतली आहे. लहानपणी ऐकलं होतं म्हणतात."

"चार दिवसांपूर्वी त्यांना खात्री नव्हती."

"आता आहे."

"आणि टोकावरचा शिक्का? तोही तातारांनीच मारला का?"

सेवेरिनने खुर्चीत चुळबुळ केली. मग तो जे बोलला ते हळू आवाजात. "वहिनी, माझ्या थोरल्याचं लग्न ठरतंय. मोठं घर आहे. मुलाच्या आईच्या माहेराची चौकशी होणार. प्राक्सेदा रादोमिस्कींची. तुमच्या मुलाच्या रक्तात गज असेल, तर माझ्या मुलाच्याही रक्तात आहे. समजतंय ना?"

"आज समजलं मला. मंगळवारी माझा मुलगा कापडवाला होता म्हणून मेला होता. आज तुमच्या मुलाचं लग्न आहे म्हणून तो जिवंत झाला."

"नाव परत मिळतंय त्याचं! तुम्हाला तेच हवं होतं ना?"

तेच हवं होतं. अपोलोनियाला ते नाकारता आलं नाही. मुलाचं नाव नोंदवहीत, मुलगा वाड्यात, नातवंडं या जमिनीवर. पाच वर्षं ती एवढंच मागत होती. आणि आता ते मिळत होतं ते नवऱ्याने जाड वर्खाखाली पुरलेलं खोटं पुन्हा पुरण्याच्या अटीवर, आणि या वेळी पुरायचं मुलाच्या हातांनी.

"तुम्हाला लाज नाही वाटत, सेवेरिनराव?"

"वहिनी, सगळ्या घराण्यांच्या ढाली खरवडून बघाल, तर अर्धा जिल्हा बाजारात उभा राहील. म्हणून कुणी खरवडत नाही. हा शहाणपणा आहे."

"मग ज्यानं एकदाही खोटं सांगितलं नाही, दिवसा उजेडी दार उघडून गज हातात धरला, त्यालाच का पुरलंत?"

कागद टेबलावर ठेवून सेवेरिन उठला. ईस्टरनंतरच्या दुसऱ्या सोमवारी, १२ एप्रिलला, न्यायालयात वारसाहक्काची तारीख आहे. त्याआधी सही झाली तर उत्तम. नाहीतर पूर्वजांचं शस्त्र विधवेने बेकायदा दडवलं असा दावा तो लावणार आहे. तो अर्ज तयारच होता. त्यातही चोवीस तातार होते.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, पाद्री बोनिफात्सी प्रवचनात पूर्वजांच्या शौर्याबद्दल बोलले. आकडा त्यांनी सांगितला. बाकांवरच्या लोकांनी माना डोलवल्या. ज्यांनी मंगळवारी स्वतःच्या कानांनी "गज" हा शब्द ऐकला होता, तेही डोलवत होते. अपोलोनिया प्रवचन संपायच्या आत उठली आणि मधल्या वाटेने, बुटांचा आवाज करत, बाहेर पडली.

घरी येऊन तिने मुलाला पत्र लिहिलं. सेवेरिनचा कागद आणि गज दोन्ही कापडात गुंडाळून मातेउशच्या ओळखीच्या गाडीवानाकडे दिले. या वेळी माणूस स्वतः निवडला. पत्र लहान होतं.

"खाचा तुझ्या वडिलांनी बुजवल्या होत्या. तेवीस वर्षांपूर्वी. मातेउशला विचार, तो सांगेल. सही करायची की नाही, हे मी सांगणार नाही. तुझं नाव आहे, तू ठरव. सही केलीस तर वाडा तुझा आहे, आणि मी दार उघडीन. पण तो कागद मला कधी वाचून दाखवू नकोस. न केलीस तर बारा एप्रिलला मी न्यायालयात तुझ्या शेजारी उभी राहीन, आणि ढाल कशी निसटली ते सगळ्यांना दाखवीन, हात वर करून."

*

आजमितीला माहीत आहे ते एवढंच. नोंदवहीतली ओळ तशीच आहे. पाद्री बोनिफात्सी अजून विचार करत आहेत. ढालीचे दोन तुकडे सेवेरिनने नेले आणि नव्या निळ्या रंगासाठी दुसऱ्या गावच्या चित्रकाराकडे दिले, कारण मातेउशने काम घ्यायला नकार दिला. गौदेन्तींच्या साक्षीवर आणखी तिघांनी सह्या केल्या. त्यातले दोघे म्हणतात, तातार सत्तावीस होते, पण तिघांची खाच पाडायला वेळ मिळाला नाही.

मातेउश शनिवारी, २७ फेब्रुवारीला, ओल्शिनीला येऊन गेला. दुकान नेहमीसारखं उघडं असतं, असं त्याने सांगितलं. जुना गज ओनुफ्रीने आजच्या गजाला लावून पाहिला. दोन तसू कमी भरतो, म्हणजे कापड मोजायला तो आता चालत नाही. गज गल्ल्यामागच्या फळीवर आहे. त्याच्याच शेजारी सेवेरिनचा कागद आहे, उघडा. अपोलोनियाने विचारलं, सही आहे का. मातेउश म्हणाला, सही नाही. मग तिने विचारलं, परत पाठवायला बांधून ठेवला आहे का.

तेही नाही, मातेउश म्हणाला.